एकतीस लाल, बत्तीस हिरवा

भोरात शाकिर रंगरेजला कुणी रंगाचं काही विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. साडी दाखवा, सतरंजी दाखवा, भिंतीला लावायच्या डिस्टेंपरचं कार्ड दाखवा, हा हात झटकून म्हणायचा, "मला नका इचारू बाबांनो. आमी रंगाऱ्याची माणसं. लहानपणीच इतके रंग बघितलेत की आता त्यात काय राम वाटत न्हाई." ऐकणारे हसायचे. रंगाऱ्याच्या पोराला रंगाचा कंटाळा यावा यात नवल ते काय, हलवायाचा पोरगा कुठं पेढे खातो, असं म्हणून विषय मिटायचा.

खरी गोष्ट निराळी होती. शाकिरला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नव्हता. कधीच कळला नव्हता. आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत ही गोष्ट त्यानं एका माणसाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

न सांगण्याचं कारण एका चादरीत होतं.

शाकिरचे वडील अय्युब हे नीरेकाठचे नावाजलेले रंगारी. फेटे, लुगडी, विटलेल्या साड्या, सगळं त्यांच्या हंड्यात पडून नवं होऊन निघायचं. स्वतःला लिहिता-वाचता येत नसल्यामुळे रंगाच्या डब्यांवर कधी चिठ्ठी लावली नाही. झाकण उघडायचं, ओल्या बोटावर चिमूट घ्यायची आणि ओळखायचं. चौऱ्याहत्तर साली गावच्या पिराच्या उरुसाची चादर नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे रंगवायला आली. शाकिर तेव्हा बारा वर्षांचा. अय्युबना त्याच दिवशी मयतीला जावं लागलं. जाताना ते म्हणाले, "तूच काढ यंदा. पाणी उकळू दे, हिरवा डबा घे, कापड सारखं फिरवत राहा. हात थांबला की डाग पडतो."

पोराला आभाळ ठेंगणं झालं. पहिलंच स्वतःचं काम, तेही पिराचं. त्यानं बोट ओलं करून डबा ओळखला, म्हणजे त्याला तसं वाटलं. दोन तास काठीनं कापड फिरवलं, दंड भरून आले तरी थांबला नाही. नदीत खळबळून चादर दोरीवर घातली आणि वडिलांची वाट बघत बसला. चादर त्याला अगदी झकास हिरवी दिसत होती.

अय्युब आले तेव्हा घाटावर माणसं जमून हसत होती. दोरीवर लालभडक चादर वाळत होती.

लालावर हिरवा चढत नाही, चढवला तर शेणासारखा रंग येतो. शेवटी तिला काळ्यात बुडवली आणि उरुसाला पुण्याहून विकतची चादर आणली. रंगाऱ्याच्या गावात पिराला परगावची चादर! अय्युबना हे फार लागलं. त्यांनी पोराला दोन ठेवून दिल्या, पण मारापेक्षा बोलणं कायमचं राहिलं. "धंदा नको व्हता तर तोंडानं सांगायचं. पिराच्या चादरीवर कशाला राग काढलास?" शाकिर बोलणार काय? त्याच्या डोळ्यांना तर ती हिरवीच दिसली होती. सगळं गाव एका बाजूला आणि आपण एकटे दुसऱ्या बाजूला म्हटल्यावर आपलंच डोकं फिरलंय, अशी त्यानं समजूत घातली आणि तोंड शिवून घेतलं.

अय्युबनी त्याला पुन्हा हंड्याजवळ येऊ दिलं नाही. काळी चादर घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेवर घातली गेली आणि पुढची तीस वर्षं तिथंच राहिली. बापलेक एकाच घरात राहिले, एकाच ताटात जेवले, पण त्या चादरीचं नाव कुणी काढलं नाही.

शाकिर मग टायपिंग शिकला. पांढरा कागद, काळी अक्षरं, त्यात फसवाफसवी नव्हती. मशिनच्या फितीत वरची पट्टी काळी आणि खालची लाल असायची, पण कळ कुठं आहे ते बोटाला कळतं, डोळ्याला विचारावं लागत नाही. अशा युक्त्या त्यानं पुष्कळ जमवल्या होत्या. टोमॅटो दाबून घ्यायचा. स्वारगेटच्या सिग्नलला वरचा दिवा की खालचा ते बघायचं. लग्नात साडी निवडताना अंजुमला म्हणाला, "तुला आवडंल ती घे," आणि ती बिचारी इतका समजूतदार नवरा मिळाला म्हणून हरखून गेली. लबाडीसुद्धा माणसाला कधी कधी चांगलं नाव मिळवून देते ती अशी.

टायपिंगचे दिवस सरले तसा तो कॉम्प्युटर शिकला आणि दोन हजार एक साली वरवे बुद्रुकच्या नेत्रकेंद्रात लागला. आता डोळे असे म्हटल्यावर माणसानं जगात कुठलीही नोकरी धरावी, पण यानं डोळ्यांचा दवाखाना गाठला. एका ट्रस्टचं हायवेलगतचं दोन खोल्यांचं केंद्र होतं ते. भोर-वेल्ह्याच्या गावांतून शिबिरं घ्यायची, मोतीबिंदूचे पेशंट निवडायचे आणि सोमवारी ट्रस्टच्या गाडीनं पुण्याला ऑपरेशनला पाठवायचे. शाकिर नोंदी ठेवायचा. शिवाय हायवेवरचे ट्रक ड्रायव्हर डोळ्यांचा दाखला घ्यायला यायचे, तोही हाच टाईप करायचा. तपासणारा कुंडलिक ड्रायव्हरपुढं रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक धरायचा आणि ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायला सांगायचा. कुंडलिकच्या खांद्यावरून शाकिरनं एकदा बघितलं. पहिल्या पानावर बारा. बरोबर. दुसऱ्या पानावर ड्रायव्हर म्हणाला आठ आणि शाकिरला स्पष्ट तीन दिसला. पुढच्या पानावर ड्रायव्हर म्हणाला एकोणतीस, तर शाकिरला सत्तर. कुंडलिक म्हणाला, "पास."

त्या दिवशी शाकिरला उमगलं की आपलं डोकं फिरलेलं नव्हतं. आपले डोळेच वेगळे. बसल्या जागी त्याला रडू आवरेना, म्हणून तो कागद आणायच्या निमित्तानं मागच्या खोलीत गेला. घरी जाऊन अब्बांना सांगावं असं त्यानं सतरा वेळा ठरवलं. पण तीस वर्षांपूर्वीचं मढं आता कशाला उकरायचं, शिवाय डोळ्यांच्या केंद्रातल्या कारकुनालाच असं आहे हे कळलं तर नोकरीवर गदा यायची. तो पुन्हा गप्प बसला. 'रंगज्ञान योग्य' असे दाखले मात्र त्यानं शेकड्यांनी टाईप केले.

केंद्रातला कॉम्प्युटर जुना, कुणीतरी देणगी दिलेला. पडदा काळा, अक्षरं पांढरी. माउसचं काम नाही, सगळं हुकूम टाईप करून चालायचं. एल आणि एस ही दोन अक्षरं लिहून एंटर दाबलं की फायलींची यादी पडायची. शाकिरला ते यंत्र टाइपरायटरच्या भावासारखं वाटायचं. प्रत्येक पेशंटची एक फाईल, नाव म्हणजे नुसता नंबर आणि नंबरापुढं एक अक्षर: ऑपरेशनला योग्य असला तर एक, साखर किंवा ब्लडप्रेशर जास्त म्हणून थांबवलेला असला तर दुसरं. पेशंटची तब्येत बदलली की फाईलचं नाव बदलायचं. त्यात घोळ व्हायचे, एकाच माणसाच्या दोन-दोन फायली व्हायच्या.

हे घोळ निस्तरायला सोनिया आली. शिवऱ्याच्या सावळारामांची मुलगी, बापाची शेती, हिनं पुण्यात कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन तिथंच नोकरी धरलेली. दर शनिवारी गावी येताना केंद्रात तीन-चार तास बसायची, हौसेनं, काही न घेता. दोन हजार चारच्या जानेवारीत ती एक रंगीत पडदा आणि एक सीडी घेऊन आली.

"चाचा, आज गंमत करू या," ती म्हणाली. "ही एक छोटी जोडणी आहे. बसवली की यादी रंगीत दिसते. मी फायलींची नावं साधी करून टाकते, नुसते नंबर. योग्य की थांबवलेला ही खूण फाईलच्या आत जाईल, आणि यादीत ती रंगानं दिसेल. पाठवायचे ते हिरवे, थांबवायचे ते लाल. नाव बदलायचं कामच नको."

शाकिरनं खुर्ची मागं सरकवली. "अक्षरं काय वाईट व्हती?" तो म्हणाला.

"अहो, वाचत बसावं लागतं. रंग कसा, बघितला की कळतो."

तिनं सीडी घातली, चार-पाच हुकूम लिहिले, पडद्यावर ओळींमागून ओळी सरकल्या. मग तिनं एल-एस लिहिलं. यादी पांढरीच. शाकिरचा जीव भांड्यात पडला. सोनियानं कपाळाला हात लावला, "विसरलेच की!" आणि एका फाईलमध्ये आणखी एक ओळ लिहून बाहेर पडून पुन्हा आत आली. या वेळी यादी पडली आणि मागं उभा असलेला कुंडलिक म्हणाला, "आयला! तोरण बांधल्यावानी दिसतंय की!"

शाकिरनं बघितलं. वाळल्या गवतासारख्या एकाच मळकट रंगाचे चाळीस नंबर.

"छान हाय," तो म्हणाला.

पहिले दोन शनिवार त्यानं निभावून नेले. चष्मा घरी राहिला म्हणाला आणि कुंडलिकला शेजारी बसवून वाचून घेतलं. चष्मा खिशातच होता. सोनियानं सोयीसाठी केलेल्या गोष्टीपायी आपल्याला खोटं बोलावं लागतंय याची त्याला चीड येत होती, आणि ती कुणावर काढावी तेही कळत नव्हतं. तिसऱ्या शनिवारी कुंडलिक बहिणीच्या लग्नाला गेला आणि सोनियाही पुण्याहून आली नाही. पडद्यापुढं शाकिर एकटा. सोमवारच्या गाडीची यादी तर हवी. त्यानं पडद्याची चकाकी कमी केली, जास्त केली, तिरकं बघितलं, एक डोळा मिटून बघितलं. काही नंबर जरासे गडद वाटले. गडद ते लाल असतील, असा त्यानं मनाशी हिशेब बांधला आणि चौदा नावं लिहिली. उठून एक फोन केला असता तर फाईलच्या आतली खूण कशी वाचायची ते सोनियानं सांगितलं असतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं.

सोमवारी वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर गाडी आली, ड्रायव्हरनं नावं वाचली. डोंगरातल्या वाडीवरची धोंडाबाई पहाटे दोन तास चालून, जावयाचा हात धरून आली होती. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात जेमतेम उजेड. पिशवीत नवं लुगडं, बांधून घेतलेली भाकरी. तिचं नाव यादीत नव्हतं. आणि ज्यांची साखर वाढलेली अशी दोन माणसं गाडीतून पुण्याला गेली आणि संध्याकाळी तशीच परत आली. धोंडाबाई दुपारपर्यंत स्टँडवर बसून होती म्हणे. जावयाला म्हणत होती, "थांब रं, येतील परत. डॉक्टरनी सोता सांगितलंय मला, म्हातारे, तुझा नंबर हाय म्हणून."

ट्रस्टचे मोठे डॉक्टर फोनवर तापले. पुढच्या शनिवारी सोनिया आली ती उतरलेल्या चेहऱ्यानंच.

"चाचा, माझीच चूक आहे," ती म्हणाली. "कुठंतरी खुणा उलट्या पडल्यात. सर म्हणाले, ती रंगाची खेळणी काढून टाका आणि बाहेरच्या लोकांना मशिनला हात लावू देऊ नका. म्हणजे मलाच. आज शेवटचा दिवस माझा. पण चूक शोधल्याशिवाय मी जायची नाही."

आणि ती शोधायला बसली. एक-एक फाईल उघडून, पुण्याहून आणलेल्या डॉक्टरांच्या कागदाशी ताडून. तासभर झाला, दोन तास झाले. खुणा सगळ्या बरोबर होत्या, तरी तिचा विश्वास बसेना. पुन्हा पहिल्यापासून. शाकिर शेजारच्या खुर्चीवर बसून बघत होता. त्या पोरीनं सगळं बरोबर केलं होतं आणि आपलं कुठं चुकलं ते शोधून शोधून ती थकली होती. हे दुःख जगात आणखी कुणाला माहीत असेल-नसेल, शाकिरला पाठ होतं. नीरेच्या घाटावर तो अगदी असाच बसला होता. आणि त्या दिवशी खरं काय ते सांगणारं कुणी नव्हतं. आज सांगणारा माणूस इथं खुर्चीवर बसला होता, चष्मा खिशात घालून.

"सोनिया," तो म्हणाला, "नको शोधूस. तुझी चूक न्हाई. माझे डोळे तसले हायत. मला लाल-हिरवं येगळं दिसत न्हाई. जन्मापासनं."

ती वळून बघत राहिली. त्याला वाटलं आता ही चिडेल, आणि चिडायचा तिला पुरा हक्क होता. पण ती म्हणाली, "मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"भ्यालो."

तिनं उघडी फाईल बंद केली आणि म्हणाली, "धोंडाबाईंचं वाईट झालं, चाचा."

"व्हय. म्या केलं ते. सरांना मी सोता फोन करतो. आणि धोंडाबाईकडं बी जातो."

तिच्यासमोरच त्यानं फोन लावला. मोठे डॉक्टर म्हणाले, "दर पंचवीस पुरुषांत एखादा तरी असा असतो, शाकिरभाई. नोकरीचं काही नाही त्यात. पोरीला तिचं काम करू द्या, पण त्या म्हातारीला पुढच्या गाडीनं तुम्ही स्वतः घेऊन या." इतकंच. ज्या गोष्टीच्या भीतीनं माणूस आयुष्यभर अंग चोरून चालला, ती तीन वाक्यांत आटोपली, याचंच त्याला वाईट वाटलं.

सोनियानं एक फाईल उघडली. रंगांची फाईल. तिच्यात रंग कुठंच नव्हते, नुसते आकडे. "हे बघा. एकतीस म्हणजे लाल, बत्तीस म्हणजे हिरवा, तेहतीस पिवळा, चौतीस निळा. आकडा बदलला की रंग बदलला. तुमच्या डोळ्यांना कुठले दोन पक्के वेगळे दिसतात तेवढं सांगा, ते लावू."

एकतीस लाल, बत्तीस हिरवा. शाकिर त्या आकड्यांकडे बघतच राहिला. अब्बांच्या डब्यांवर एवढे दोन आकडे लिहिलेले असते, तर!

"उद्या सांगतो," तो म्हणाला. "घरी एक जाणकार हाय, त्याला इचारून."

घरात त्या दिवसांत वेगळंच युद्ध चाललं होतं. अय्युब आता शहात्तरचे. धंदा कधीच बंद झालेला, छापील साड्यांनी गिळलेला. पण नजर रंगाऱ्याची, ती कशी बंद होणार? दोन वर्षांपासून त्यांची एकच तक्रार, अंजुम कुडते नीट धूत नाही. "पिवळे पडल्यात सगळे. नीळ घालत जा, नीळ!" ती इतकी नीळ घालायची की शेजारणी हसायच्या, तरी म्हाताऱ्यांना कुडता पिवळाच. डोळ्यात मोतीबिंदू आहे, तपासून घ्या, असं शाकिरनं कितीदा सांगितलं. "माझ्या डोळ्यांना काय झालंय? तुझ्या बायकोच्या हाताला झालंय," हे उत्तर.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर शाकिर त्यांच्यापुढं जाऊन बसला. "अब्बा, नमुन्याच्या पट्ट्या हायत का अजून?"

म्हाताऱ्यांनी चकित होऊन बघितलं. तीस वर्षांत या पोरानं धंद्यातलं काही मागितलं नव्हतं. त्यांनी ट्रंकेवरची काळी चादर बाजूला सारली, ट्रंक उघडून रंगवलेल्या कापडाच्या पट्ट्यांचा जुडगा काढला. शाकिरनं दोन पट्ट्या उपसून पुढं धरल्या. "ह्या दोन्ही मला सारख्याच दिसतात. अंजुम, तूच सांग, कुठल्या रंगाच्या हायत?"

"एक लाल, एक हिरवी," अंजुम म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिच्या हातातला वाडगा तसाच राहिला. साड्या, बांगड्या, पडदे, सगळं तिला एकदम आठवलं असणार.

अय्युबनी जुडगा हातात घेतला आणि एकेक पट्टी पोरापुढं धरायला सुरुवात केली, जुन्या सवयीनं, कपडा चिमटीत उलगडून. "ही?" "मातकट." "ही?" "तीबी मातकट." "ही?" "निळी. ही पक्की निळी." "आणि ही?" "पिवळी." असं दहा-बारा झाल्यावर त्यांनी एक पट्टी बाजूला टाकली. "ही बी पिवळीच धर, जरा फिकी."

"अब्बा," अंजुम हळूच म्हणाली, "ती पांढरी हाय. कोरं कापड हाय ते."

म्हाताऱ्यांनी ती पट्टी पुन्हा उचलली. उंबऱ्यापाशी उजेडात नेऊन बघितली. मग अंगावरच्या कुडत्याकडे बघितलं, मग पट्टीकडे, मग पुन्हा कुडत्याकडे. कुणी हसलं नाही. दोन वर्षांची नीळ त्या घरात एका क्षणी सगळ्यांना आठवली.

"डोळा लबाड असतो म्हणायचा," ते म्हणाले. मग पट्टी जुडग्यात परत ठेवता ठेवता, "तुझा मामा असाच व्हता. तुझ्या अम्मीचा थोरला भाऊ. हिरवा फेटा आण म्हटलं की लाल घेऊन यायचा. आमी त्याला येडा मामा म्हणायचो." त्यांनी बाजूला सारलेल्या काळ्या चादरीकडे बघितलं. "म्हंजे तवा... ती चादर तू मुद्दाम न्हाई केलीस?"

"न्हाई, अब्बा. मला ती हिरवीच दिसली. अजून बी हिरवीच आठवते."

अय्युबनी पट्ट्या एकावर एक लावून जुडगा बांधला. गाठ मारायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. शाकिरला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते बोलले, पण भलतंच. "जायाचं त्याला पिवळा लाव. हळदीचा असतो, शुभ. थांबायचं त्याला निळा. सांग त्या पोरीला." आणि उठून नमाजाला गेले. शाकिर खट्टू झाला. एवढं तीस वर्षांचं ओझं उतरवून ठेवलं, आणि वर एक चांगला शब्द नाही!

त्याच संध्याकाळी केंद्रात येऊन सोनियानं रंग बदलले. बत्तीसच्या जागी तेहतीस, एकतीसच्या जागी चौतीस. काळ्या पडद्यावर निळा मंद दिसतो म्हणून तो जरा ठळक केला. बाहेर पडून पुन्हा आत आली, एल-एस लिहिलं, आणि शाकिर रंगरेजनं जन्मात पहिल्यांदा लोकांसारखी रंगीत यादी बघितली. पिवळे वेगळे, निळे वेगळे. वाचायला नको, नुसतं बघायचं. त्यानं एंटर पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा, उगाचच.

सोमवारी तो वेल्ह्याहून धोंडाबाईला हाताला धरून गाडीत बसवून घेऊन गेला. सगळं खरं त्यानं तिला सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुलाबी दिसत न्हाई व्हय रं? मग तू मला का धरतुयास, म्याच तुला धरते." तिचा डोळा चांगला झाला. फेब्रुवारीच्या शेवटच्या यादीत एक पिवळा नंबर अय्युब रंगरेज, वय शहात्तर, भोर यांचा होता. कुडत्याच्या प्रकरणानंतर ते स्वतःहूनच म्हणाले होते, "माझंबी नाव घाल."

ऑपरेशननंतर डोळ्याची पट्टी सुटून आठ दिवस झाल्यावर एका सकाळी शाकिर केंद्रात जायला निघाला होता. चपला घालताना त्याला दिसलं, अब्बा अंगणात उन्हात उभे आहेत आणि त्यांच्या हातात ट्रंकेवरची काळी चादर. शिवण उसवून, दुमडलेली कड उलटी करून बघतायत. घाईत चढवलेला काळा रंग त्या दुमडीत पोचला नव्हता. आतला जुना रंग जसाच्या तसा राहिला होता, शाकिरच्या डोळ्यांना मातकट.

म्हातारे नव्या डोळ्यानं कड तपासत गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गिऱ्हाईकाचा माल तपासावा तशी. अंगठ्यानं चोळली. उजेडाकडे धरली.

"हितं ये," ते म्हणाले.

शाकिर एका पायात चप्पल घालून गेला.

"बघ. एक डाग न्हाई, एक ढग न्हाई. कडंपर्यंत सारखा बसलाय. बारा वर्षांच्या पोराला इतकं साफ जमतं व्हय कधी? मला बाराव्या वर्षी न्हाई जमलं." त्यांनी कड पुन्हा अंगठ्याखाली घेतली. "तवाच बघितलं व्हतं म्या. घाटावरच. इतकं चोख काम चुकून व्हत न्हाई, म्हणून तर वाटलं की मुद्दाम केलंस."

शाकिरनं चादरीची दुसरी कड धरली. मग दोघांनी मिळून ती झटकली, चारपदरी घडी घातली, आणि तो एसटीला धावला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला केंद्रात उशीर झाला.